तिकिटांची सूची करताना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, या शाळेत तीन तपांच्या आसपास इतिहास शिकवणाऱ्या माणसाने शाळेचा इतिहास लिहावा. तो लिहिण्यास आमच्याहून ज्येष्ठ आणि अधिकारी मंडळी आहेत आणि त्यांचे लेख या अंकात आहेतच. आम्ही एका लहानशा कामाविषयी लिहिणार आहोत. भगवान बुद्ध, परमपूज्य बाबासाहेब आणि समतेच्या चळवळीतील थोर पुरुष व स्त्रिया यांच्यावर भारतीय टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांची एक ऑनलाइन संदर्भसूची आम्ही गेली काही वर्षे विद्यार्थ्यांसह मराठीतून तयार करीत आहोत. संग्राहकाने आपल्या हातातले तिकीट कोणते, कधीचे, कितीचे, हे तेथे पाहून ताडावे, एवढाच तिचा उपयोग. या कामात आमच्या हातून पूर्वी घडलेली एक चूक उघडी पडली. तिची नोंद कोठेतरी व्हावी, आणि ती या स्मरणिकेतच व्हावी, असे आम्हांस वाटते.

आम्ही शाळेत रुजू झालो ते १९९० साली. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांची जन्मशताब्दी आली. १४ एप्रिल १९९१ रोजी टपाल खात्याने त्यांच्यावर एक रुपयाचे तिकीट काढले. साधे पाकीट पाठविण्याचा दर तेव्हा एक रुपयाच होता, त्यामुळे ते तिकीट खेड्यापाड्यांतून आलेल्या टपालावरही दिसू लागले. वसतिगृहात पत्रे वाटताना पहिल्यांदा ते पाहिले, त्या दिवशी मुले पाकिटाभोवती गोळा झाली होती. जूनमध्ये आम्ही ‘तिकीट संग्रह मंडळ’ सुरू केले. नुकतीच एम.ए.ची पदवी घेऊन आलो होतो. पुराव्यांचे महत्त्व, साधनांची चिकित्सा वगैरे शब्द तोंडात ताजे होते. ते वर्गात सांगत असतानाच आम्ही मंडळात काय करीत होतो, ते पुढे येईलच.

मंडळाची पद्धत सोपी होती. पाकीट आले की पत्र ज्याचे त्याला द्यायचे, पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा कात्रीने कापून घ्यायचा आणि उरलेला कागद स्वयंपाकघरात चुलीसाठी द्यायचा. रविवारी परातीत कोमट पाणी घेऊन कापलेले तुकडे त्यात सोडायचे. थोड्या वेळाने डिंक सुटे, तिकीट अलगद वर येई. मग ते वर्तमानपत्रावर पालथे वाळवून, शब्दकोशाखाली दाबून, वहीत लावायचे. मुलांना हे फार आवडे. दहा-बारा वर्षांत चार जाड वह्या भरल्या. काही जुनी तिकिटे आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना शहरातल्या संग्राहकांकडून बदल्यात मिळवली. पुढे जनरल पोस्ट ऑफिसातील फिलाटेलिक ब्युरोत दोनशे रुपये भरून खाते उघडले, म्हणजे नवी तिकिटे निघताच घरपोच येऊ लागली. मग मोबाइल आले, पत्रे आटली आणि मंडळही आपोआप थांबले.

२०२० साली टाळेबंदीत वसतिगृह रिकामे झाले. पावसाळ्यात कपाट उघडले तर वह्यांना ओल लागलेली. तिकिटे वाचवण्यासाठी एकेकाचे छायाचित्र घ्यावे, यादी करावी, एवढ्याच हेतूने आम्ही काम आरंभले. मुले परतल्यावर आठवी-नववीतील काही जण त्यात आले. आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याने पाहिले आणि म्हणाला, “सर, एवढे करताच आहात तर सर्वांना पाहता येईल असे करू या.” असे ते यादीचे सूची झाले.

यादी आणि सूची यांतला फरक आम्हांस काम करतानाच कळला. यादीत ‘बाबासाहेब, १९९१, एक रुपया’ एवढे लिहून भागते. सूचीत प्रकाशनाचा दिनांक हवा, किंमत हवी, रंग हवा, मुद्रणालय हवे, कागदात जलचिन्ह आहे की नाही ते हवे आणि कडेची छिद्रे दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात तेही हवे. काळ्या कागदावर ठेवून स्कॅन केल्याशिवाय छिद्रांची कड दिसत नाही, हे शिकायला आमची पहिली शंभर छायाचित्रे वाया गेली. आधी टंकलेखन जुन्या फॉन्टमध्ये केले होते. ऑनलाइन टाकताच बाबासाहेबांच्या नावाच्या जागी नुसत्या रेघोट्या दिसू लागल्या. सगळे युनिकोडमध्ये पुन्हा लिहावे लागले. हिंदीत ‘अंबेडकर’ लिहितात, आपण ‘आंबेडकर’ लिहितो. कोणी ‘जोतीराव’ लिहितो, कोणी ‘ज्योतिबा’. शोधणाऱ्याला यांपैकी काहीही टाकून सापडले पाहिजे, म्हणून पर्यायी नावांचा वेगळा रकाना केला.

क्रमांकांचा प्रश्न निराळाच. जगभरचे संग्राहक इंग्लंडातील स्टॅनली गिबन्स किंवा अमेरिकेतील स्कॉट या कॅटलॉगांचे क्रमांक वापरतात. गिबन्सची पहिली किंमतयादी १८६५ सालची आहे. पण ते क्रमांक त्या त्या प्रकाशकांची मालमत्ता मानले जातात, परवानगीवाचून घेता येत नाहीत. आम्ही मुलांना विचारले. एका मुलीने सुचवले की, तिकिटाला त्याची जन्मतारीखच क्रमांक म्हणून द्यावी. तेव्हापासून आमच्या सूचीत बुद्धजयंतीचे पहिले तिकीट म्हणजे १९५६-०५-२४-१. यापेक्षा चांगली पद्धत आम्हांस अजून सुचलेली नाही.

रंगांच्या बाबतीत मुले आमच्या पुढे गेली. इंग्रजी कॅटलॉगांत रंगांची जी नावे असतात त्यांची भाषांतरे आम्ही करून ठेवली होती. मुलांनी ती बाजूला सारून ‘मोरपंखी’, ‘विटकरी’, ‘पारवा’, ‘वांगी’, ‘चिंचेच्या कोळाचा’ असे लिहायला सुरुवात केली. पहिल्यांदा आम्ही रागावलो. नंतर लक्षात आले की, दोन जणांनी स्वतंत्रपणे पाहून एकच शब्द लिहिला तर तो शब्द प्रमाण मानण्यास हरकत नाही. ‘चिंचेचा कोळ’ मात्र गळला, कारण जुन्या चिंचेचा आणि नव्या चिंचेचा कोळ एका रंगाचा नसतो, असे स्वयंपाकघरातल्या मावशींनी निदर्शनास आणून दिले.

किंमतीचा रकाना ठेवावा की नाही, यावर पालक सभेत चर्चा झाली. तिकीट आज बाजारात कितीला जाते, हे बहुतेक कॅटलॉगांत असते आणि संग्राहक आधी तेच पाहतो. आम्ही ठेवला नाही. आमच्याजवळची बहुतेक तिकिटे वापरलेली आणि सहज मिळणारी आहेत, त्यांना पैशात फारशी किंमत नाही. पण विचार करता खरे कारण असे होते की, सूची उघडल्यावर मुलांची नजर आधी त्या रकान्याकडे जाऊ नये.

इतिहासाच्या शिक्षकास या कामात जे हाती लागले, ते आता सांगतो. स्वतंत्र भारताची पहिली नित्योपयोगी तिकीटमालिका १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघाली. तिच्यात सोळा तिकिटे होती. देशातील शिल्पे आणि वास्तू यांची ती मालिका. सोळांपैकी चार तिकिटे बौद्ध वारशाची आहेत: तीन पैचे अजिंठ्याचे, एक आण्याचे बोधिसत्त्वाचे, तीन आण्यांचे सांचीच्या तोरणाचे आणि साडेतीन आण्यांचे बोधगयेच्या मंदिराचे. त्या दिवसांत बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते आणि संविधानाचा मसुदा अखेरच्या टप्प्यात होता.

आमच्या वहीत एक आण्याची बोधिसत्त्वाची दोन तिकिटे होती. दोन्ही सारखीच समजून त्यांतले एक आम्ही बदल्यात देऊन टाकले होते. सूचीसाठी उरलेल्याचे स्कॅन एका जुन्या इंग्रजी कॅटलॉगातील चित्राशी पडताळत असताना नववीतील एक मुलगी म्हणाली, “सर, आपली मूर्ती उलटी आहे.” तिने स्कॅन उलटवले असेल असे आम्ही गृहीत धरले. पण अक्षरे सुलट होती, फक्त मूर्ती आरशात पाहावी तशी. खुलासा त्याच कॅटलॉगात पुढे सापडला. १९४९ साली हे तिकीट निघाले तेव्हा मूर्तीची प्रतिमाच उलटी छापली गेली होती आणि १९५० साली ती सुलट करून तिकीट पुन्हा काढण्यात आले. म्हणजे ती दोन वेगळी तिकिटे आहेत. आम्ही दिलेले दुसरे कोणते होते, ते आता सांगता येत नाही. तीस वर्षे आम्ही त्या तिकिटाकडे पाहत होतो, त्या मुलीने पाच मिनिटे पाहिले.

बुद्धजयंतीची तिकिटे २४ मे १९५६ ची, दोन आण्यांचे आणि चौदा आण्यांचे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबासाहेबांवरचे पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ चे, पंधरा पैशांचे. मधल्या काळात आणे जाऊन पैसे आले होते. त्यानंतर १९७३ चे वीस पैशांचे आणि मग जन्मशताब्दीचे. पुढे २००१, २००९, २०१३, २०१५ अशी वर्षे लवकर लवकर येतात. २००९ चे तिकीट नित्योपयोगी मालिकेतले आहे, म्हणजे एका प्रसंगासाठी छापून संपणारे नव्हते, पोस्टाच्या खिडकीवर रोज विकले जाणारे होते.

मुलांनी एक रकाना आम्हांस न विचारता वाढवला: ‘निधनानंतर किती वर्षांनी’. महात्मा गांधींवरची तिकिटे निधनानंतर साडेसहा महिन्यांत, १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाली. बाबासाहेबांचे नऊ वर्षे चार महिन्यांनी. महात्मा फुले यांचे २८ नोव्हेंबर १९७७ रोजी, म्हणजे बरोबर ८७ वर्षांनी. सावित्रीबाईंचे १० मार्च १९९८ रोजी, १०१ वर्षांनी. हा रकाना पाहून आम्ही प्रथम अभिमानाने फुगलो, वर्गात त्यावर बोललोही. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे म्हणणे असे की, १९४७ पर्यंत तिकिटांवर इंग्लंडच्या राजाराण्यांचीच मुखे असत, तेव्हा फुल्यांचे तिकीट न निघण्याचा दोष त्या ५७ वर्षांपुरता स्वतंत्र भारताकडे येत नाही. हिशेब १९४७ पासून करावा. त्याचे बरोबर होते. आता सूचीत दोन्ही आकडे आहेत. फुल्यांसाठी ३० वर्षे, सावित्रीबाईंसाठी ५०. दुसरा आकडा लहान असला तरी आमच्या मते अधिक बोलका आहे, कारण त्याला सबब नाही. पण हे आमचे मत आम्ही सूचीत लिहिलेले नाही.

काम पुढे सरकले तशी एक उणीव जाणवू लागली. आपल्या वसतिगृहात पाकिटे येत तरी किती? पालक पाठवीत ती पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे. वाघाचे मुख छापलेले पिवळसर कार्ड, मोर छापलेले निळे आंतर्देशीय. कार्डावरचे तिकीट छापीलच असते, ते चिकटवलेले नसते. ते वहीत लागत नाही म्हणून आम्ही त्या टपालाकडे पाहिलेच नाही. तिकिटांचे कॅटलॉगही बहुधा तसेच करतात. छापील तिकिटाच्या टपालाला मुख्य क्रमांकांत जागा नसते, त्याची सूची वेगळी असते. या देशात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून आहे. पाव आण्याला मिळत असे. ज्यांना पाकीट परवडत नव्हते, त्यांचा पत्रव्यवहार कार्डावर झाला, आणि तिकिटांची म्हणून जी सूची आपण करतो तिच्यात तो सापडत नाही. हे आमच्या ध्यानात येण्यास आमच्यासारख्याला उशीर लागायला नको होता. आता सूचीत कार्डे आणि आंतर्देशीय यांचा विभाग सुरू केला आहे. त्यात तूर्त फारच थोड्या नोंदी आहेत, कारण कार्डे आमच्यापाशी नाहीत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी शाळेच्या पत्त्यावर आलेली किंवा शाळेतून गेलेली जुनी पत्रे असतील, त्यांनी ती जपावीत. आम्हांस दोन्ही बाजूंचे छायाचित्र पुरे आहे. मूळ पत्र पाठवू नये आणि त्यातले काहीही कापू नये.

हे शेवटचे आम्ही आग्रहाने का लिहीत आहोत, ते सांगून लेख संपवतो.

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमास १९९१ च्या सुमारास सातवीत असलेला एक माजी विद्यार्थी सहकुटुंब आला होता. कार्यक्रमानंतर मुलांनी त्याला संगणकावर सूची दाखवली. जन्मशताब्दीचे तिकीट आले तसा तो थांबला. आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, “सर, हे कोणाच्या पत्रावरचे आहे, ते लिहून ठेवले आहे का?” लिहून ठेवलेले नव्हते.

त्याचे गाव भंडारा जिल्ह्यातले, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक. गाव आता पुनर्वसनाच्या जागी त्याच नावाने आहे. त्याचे वडील शेतमजूर होते, शाळेत गेलेले नव्हते. पत्रे शेजारचे कोणी लिहून देई आणि ती कार्डावरच येत. एकदा शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला पाठवायचा होता म्हणून वडिलांनी पाकीट केले. बाबासाहेबांचे तिकीट आले आहे असे ऐकून ते तालुक्याला जाऊन घेऊन आले. त्या दिवसांत गावात साक्षरतेचे वर्ग चालत. वडील तेथे आपले नाव लिहिण्यास शिकले होते. पाकिटावर डाव्या बाजूस ‘प्रेषक’ म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिले. वडिलांनी आयुष्यात स्वतः लिहिलेले तेवढेच त्याच्या आठवणीत होते. दाखला कार्यालयात गेला, पत्र पुढे गाव हलवताना हरवले. पाकीट त्याने मोठ्या हौसेने मंडळात आम्हांस आणून दिले होते, कारण त्यावर बाबासाहेब होते.

“सर, ते पाकीट आहे का?” त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, “तिकीट आहे.”

त्याने आमच्याकडे पाहिले आणि मान हलवली. एका शब्दानेही दोष दिला नाही. तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या शिक्षकाला दिलेली वस्तू, आणि शिक्षक एम.ए. इतिहास. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव आणि दिवस ठरतो, हस्ताक्षरावरून माणूस ठरतो, हे आम्ही वर्गात शिकवीत होतो आणि रविवारी परातीत सोडून देत होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही १९९१ ची सगळी तिकिटे भिंग घेऊन पाहिली. एक रुपयाची बाबासाहेबांची सतरा निघाली. अकरांवर शिक्का वाचता येत नाही. उरलेल्या सहांपैकी एकावर शिक्क्याची अर्धी कड आहे आणि तीत त्या गावाच्या नावाची शेवटची तीन अक्षरे आहेत. तेच तिकीट असेल असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण त्या भागातली आणखीही मुले शाळेत होती. तिकीट त्याला टपालाने पाठवले, सूचीत त्याचे चित्र ठेवले आणि टीपेच्या रकान्यात असे लिहिले: ‘शिक्का अर्धा. उरलेला अर्धा पाकिटावर होता. पाकिटावर प्रेषकाने स्वहस्ते लिहिलेले नाव होते. पाकीट मंडळाच्या मार्गदर्शक शिक्षकांनी कापले.’

चार दिवसांनी त्याचा फोन आला. टीप वाचली म्हणाला. शेवटचे वाक्य काढून टाका असे तो सांगेल, असे आम्हांस वाटले होते. त्याने सांगितले ते एवढेच की, प्रेषकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते रकान्यात पूर्ण लिहावे, आणि वडील आपल्या नावातला पहिला उकार नेहमी दीर्घ काढीत, तो तसाच ठेवावा.

तो तसाच ठेवला आहे.